साठ सेंटिमीटर पाणी

पाणी पिऊन या, म्हणाले होते. जाऊ नका, धरून ठेवा.
हसले असते,
पण हसणं मी चार वर्षांपूर्वीच सोडलंय.

सोहारच्या इस्पितळात काचेआडून हाक आली: सुलाबा.
भ त्यांच्या जिभेवरून उतरत नाही.
आधी भोकाच्या खुर्चीत बसवलं, खाली नरसाळं,
त्याखाली तराजू. पडदा ओढून सगळे बाहेर.
शेहेचाळीस अंशांच्या उन्हात ज्याच्या धाकाने
मी घोटन् घोट मोजला,
ते आता कुणी ग्रॅमवर तोलणार,
तर येईना.
पलीकडे त्यांनी नळ सोडला. मग आलं.

शैखा बलूशी तिचं नाव. माझ्या थोरलीच्या वयाची,
हिंदी माझ्याहून बरी.
शेवयांएवढ्या दोन नळ्या, एक पुढून, एक मागून,
मागचीच्या टोकाला इवला फुगा.
"हा पोटाचा दाब सांगेल, ही पिशवीचा.
वजा केलं की उरेल तो पिशवीचा स्वतःचा."
किती माझं आणि किती वरून लादलेलं,
इतकं सरळ कुणी वजा करून दाखवलं नव्हतं.

पडद्यावर तीन रेघा. सलाईन आत चाललेलं, गार.
"पहिली जाणीव झाली की सांगा.
मग इच्छा. मग घाई.
मग अगदीच राहवेना तेव्हा."
चार पायऱ्या असतात होय?
मला एकच ठाऊक होती: उशीर.

एकशे दहाला म्हटलं, जाणीव.
तिने टाइप केलं.

"खोका."
दोन रेघा ताडकन उभ्या राहिल्या, तिसरी निजलेली.
"अजून. जोरात."
कसं सांगू हिला,
शिंक येतेय वाटलं की मी उभ्या जागी पाय पिळते,
मंडळाच्या गणपतीत फुगडीला ओढलं तर गुडघा दुखतो म्हणते,
सहाच्या सहा सलवारी काळ्या,
मस्कतच्या वाटेवर खाबूरा, सुवैक, बरका,
दर पंपावर "जरा चहा घेऊ या",
आणि चहा हळूच ओतून देते वाळूत.
आणि ही पोरगी म्हणते, अडवू नका, अम्मा,
मला बघायचंय कधी सुटतं ते.

तीनशेला, सहाव्या खोकल्याला, सुटलं.
तिने बटण दाबलं. शाबाश म्हणाली.
खरंच, शाबाश.

साठ, म्हणाली. सेंटिमीटर पाणी.
दाब पाण्याच्या उंचीत मोजतात म्हणे.
आमच्या जतेकडे विहीर पुरुषांत मोजतात,
दोन पुरुष पाणी, एखाद्या साली अर्धा.
माझं साठ सेंटिमीटर. सव्वा हाताहून थोडं वर.
एवढ्या पाण्यात लहान पोरांना मोकळं सोडतात,
भीती नाही म्हणून.

खाली गाडीत हे, एसी लावून.
एकोणीस वर्षं बंदरावर हायड्रोटेस्ट:
पाइपात पाणी भरायचं, दाब चढवायचा,
रात्रभर काट्याकडे बघत बसायचं, सांध्याला घाम फुटतो का.
मी यांना मुतखडा सांगितला होता.

"काय म्हणाले?"
टॉवेलची घडी रोज हे चढायच्या आधी सीटवर घालते.
आज यांच्यादेखत घातली.
म्हटलं, हायड्रोटेस्ट केली माझी. गळतंय.
गप्प.
फाटकाचा दांडा वर गेला, खाली आला,
मागच्याने हॉर्न दिला.
"किती दाबाला?"
साठ सेंटिमीटर पाणी.
ओठ हलले, मनात बार काढत असावेत.
"एवढ्यावर? आणि लाइन चालू ठेवलीस?"
त्यापुढे काही सुचलं नाही यांना.
मलाही नाही.

सहमच्या रस्त्याला लागण्याआधी दुकानापाशी थांबले,
बाटली आणली, झाकण सैल करून दिली.
आज जळजळेल, भरपूर पाणी प्या, असं शैखाने बजावलेलं.
अर्धी प्यायले. मग उरलेली.
पुढचा पंप किती लांब, ते विचारलं नाही.
यांनीच सांगितलं,
सात किलोमीटर.